लोण्याचा दगड

जपून! त्या पट्ट्यावरून चालू नका. चौकातले बाकीचे दगड खडबडीत आहेत, त्यांच्यावर खुशाल नाचा. पण विहिरीपासून छपरापर्यंत गेलेली ही गुळगुळीत पट्टी आहे ना, तिच्यावर भल्याभल्यांचे पाय वर झालेत. नगरपालिकेला सांगून सांगून जीभ झिजली की इथं एक पाटी लावा. पाटी लावायचं ठरलंय. कुठल्या रंगाची लावायची, ते ठरायचंय.

तर हे ब्रॅकनफोर्ड. नकाशात शोधायला चष्मा लागतो, पण बाजार मोठा जुना. दर गुरुवारी भरतो. आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखाच समजा, फक्त कांदा-बटाट्यावर आरडाओरडा कमी आणि हवेबद्दल बोलणं जास्त. चौकाच्या मधोमध ते दगडी खांबांवर उभं छप्पर दिसतं ना, भिंती नसलेलं, चावडीसारखं? त्याला लोण्याचं छप्पर म्हणतात. आणि त्याच्याखाली ती आडवी शिळा, माणूस पाय पसरून झोपेल एवढी, तो लोण्याचा दगड. येणारा प्रत्येक पाहुणा एकच विचारतो: एवढं ऐसपैस छप्पर, मग दगड मधोमध का नाही? असा कडेला, वळचणीला चिकटून, जेमतेम आत का ठेवलाय?

ठेवलेला नाही. तिथंच थांबला तो. त्याची गोष्ट इथले लोक सांगतात ती अशी.

फार पूर्वी म्हणे हे छप्पर नव्हतं. बाजार मात्र होता, आणि आजच्यापेक्षा दसपट होता. त्या वरच्या उतारावर मेंढरं, नदीकाठी गुरं, चर्चच्या भिंतीला लागून लोकर आणि चामडं, आणि इथं विहिरीजवळ लोणी. लोणी विकायचं काम बायकांचं. आजूबाजूच्या वाड्यांमधून पहाटे निघायचं, पाटीत ओल्या फडक्याखाली लोण्याचे गोळे, आणि सकाळची घंटा व्हायच्या आत विहिरीजवळच्या या शिळेभोवती येऊन बसायचं. विहिरीच्या गारव्यानं शिळा थंड राहायची, तिच्यावर ठेवलेलं लोणी पातळ होत नसे. म्हणून जी शिळेवर बसेल तिचा माल पहिला खपायचा. बाकीच्या खाली, आपापल्या पाटीशेजारी.

आता जागेवरून भांडणं व्हायची नाहीत तर काय! पूर्वी इथं झिंज्या उपटण्यापर्यंत मजल जायची म्हणे. म्हणून बाजाराच्या पंचांनी रिवाज घालून दिला: सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत जी बाई आपल्या जागेवरून उठेल, किंवा एखाद्या गुरुवारी येणारच नाही, तिची जागा गेली. दुसऱ्या कुणीही येऊन बसावं. आणि जागा लेकीला द्यायची असेल तर वर्षातून एकदाच, सप्टेंबरअखेरच्या जत्रेला, संध्याकाळची घंटा होताना आईनं जागेवरच बसून लेकीचा हात धरायचा. झालं. ना कागद ना शाई. रिवाज करणारे सगळे पुरुष होते, हे वेगळं सांगायला नको. त्यांना काय, वाटेल तेव्हा उठून दारूच्या गुत्त्यात जाता येत होतं.

त्या काळी शिळेवर बसायचा मान मॉड नावाच्या म्हातारीचा होता. हाडापेरानं चिवट, जिभेनं त्याहून चिवट. तरुणपणी एकदा शिळेवर बसली ती बसलीच. पाऊस आला, गारा आल्या, एकदा म्हणे एक उधळलेला बैल शेपटी वर करून सगळ्या चौकातून नाचून गेला. सगळा बाजार पळाला, मॉड हलली नाही. बैलालाच तिनं शिव्या घातल्या.

तिची एकुलती लेक सिसली. सिसलीचा नवरा लाकूडतोड्या होता, झाड अंगावर पडून गेला. ती आईजवळच राहायची. गाय सांभाळायची, घुसळायची, आणि गुरुवारी आईच्या पाठीमागं उभी राहून तिच्या खांद्यावर पोतं धरायची. कारण या मुलखात पाऊस कधी येईल याचा नेम नाही, आणि आला की जायचं नाव घेत नाही. एका हिवाळ्यात मॉडला खोकला लागला. उन्हाळा आला तरी गेला नाही. रात्रभर खोकायची आणि गुरुवारी उजाडताच पाटी भरायला उठायची.

“आई, या गुरुवारी नको ना जाऊस,” सिसली म्हणायची.

“आणि जागा? तुझा बाप येऊन बसणार आहे स्वर्गातून? जत्रेला तुझ्या हातात हात देईन, मग खुशाल मला खाटेवर निजव. माझ्यामागं तुझ्याजवळ आहे काय पोरी? एक गाय आणि हा दगड.”

गाय तर म्हातारी झालेली. म्हणजे दगडच.

मग सिसली पंचांकडे गेली. मोठं काही मागितलं नाही तिनं. विहिरीपाशी चार खांब रोवा, वर काहीतरी घाला, बायका भिजतायत. पंचांचा मुख्य होता गावचा मेयर, गॉडफ्री पेल, लोकरीचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता म्हणे. वाईट असता तर एका वाक्यात नाही म्हणाला असता आणि सिसलीचा वेळ वाचला असता. तो म्हणाला, “उत्तम कल्पना आहे बाई. सभेत मांडतो.”

तिथून जे भिजत घोंगडं पडलं, ते पडलंच. पहिल्या सभेत छप्पर हवं असं ठरलं. दुसऱ्या सभेत ते गवताचं की कौलांचं, यावर वाद झाला. गवताचं केलं तर गवंडी रुसणार, कौलांचं केलं तर शाकारणारे रुसणार. मग शिखरावर काय बसवायचं? कोंबडा की मेंढा? लोकरवाले म्हणाले, हे गाव मेंढरांनी उभं केलंय, मेंढाच पाहिजे. चर्चवाले म्हणाले, वाऱ्याची दिशा कोंबडा दाखवतो, मेंढा दाखवत नाही. यात म्हणे एक अख्खा महिना गेला. सिसली प्रत्येक सभेला दाराशी उभी. आत शेकोटी, बाहेर ती. बाहेर येणारा प्रत्येक जण तिला पाहून मान डोलवायचा आणि म्हणायचा, “चाललंय, चाललंय.”

एके दिवशी तिचं डोकंच फिरलं. सभा सुटली, मंडळी टोप्या सारखी करत बाहेर पडली, तेव्हा तिनं सगळ्यांदेखत डोक्याचा रुमाल सोडला. त्या काळी तिथं बाईनं उघड्या डोक्यानं चौकात उभं राहणं म्हणजे लाज सोडणं. सिसली म्हणाली, “माझ्या आईच्या डोक्यावर छप्पर येईपर्यंत माझ्या डोक्यावर कापड येणार नाही. तुम्ही कोंबडा बसवा नाहीतर मेंढा बसवा, नाहीतर स्वतः चढून बसा.”

बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मेयर मात्र कानापर्यंत लाल झाला. त्यानंतर सिसली दर गुरुवारी बोडक्या डोक्यानं आईच्या मागं उभी राहायची. पाऊस तिच्या केसांवरून ओघळून आईच्या खांद्यावरच्या पोत्यावर पडायचा. बाहेरगावचे व्यापारी विचारू लागले, ही बाई अशी का उभी? तेव्हा कुठं पंचांना लाज वाटली आणि गवंडी आले.

आता ऐका, खरी चीड पुढेच आहे.

छप्पर झालं. कौलांचं झालं, शिखरावर कोंबडाही नाही आणि मेंढाही नाही, नुसता एक दगडी गोळा बसला, कारण गोळ्यावर कुणीच रुसलं नाही. दिसायला देखणं. आजही आहेच की. पण झालं कुठं? चौकाच्या मधोमध! मेयरला वाटलं, दोन्ही रस्त्यांनी येणाऱ्याला दिसलं पाहिजे, गावाची शोभा वाढली पाहिजे. आणि विहीर इकडे कडेला, जिथं आता ती फुलांची कुंडी ठेवलीय. शिळा विहिरीपाशी, बायका शिळेपाशी, छप्पर तिकडे. मधे एवढं अंतर की इकडची बाई तिकडच्या कोरड्या जमिनीकडे बघत भिजायची.

सिसली गेली मेयरकडे. “साहेब, बायका इथं बसतात.”

“मग तिथं येऊन बसा. कोण अडवतंय?”

“जागा शिळेपाशी आहे. उठलं की जागा जाते. तुमचाच रिवाज.”

मेयर विचारात पडला. “हो, तेही खरंच. शिळा हलवावी लागेल. सभेत मांडतो.”

सिसली म्हणे तिथंच खाली बसली आणि हसायला लागली. बराच वेळ हसत होती. मेयर घाबरून निघून गेला.

अशात जत्रा येऊन ठेपली. मॉडचा श्वास आता दोन पावलांवर अडकायचा. तिला ढकलगाडीत घालून सिसलीनं बाजारात आणली आणि सकाळच्या घंटेआधी शिळेवर बसवली. आजचा एक दिवस निघाला की झालं, संध्याकाळी घंटा होईल, आई हात धरेल, जागा आपली. मग आई खाटेवर, उबेत. सिसलीनं मनातल्या मनात देवाला एवढंच सांगितलं: आज पाऊस नको.

दुपारपर्यंत देवानं ऐकलं. मग डोंगराकडून असा पाऊस आला की नदीकाठची गुरं हंबरायला लागली. वारा आडवा. आणि छपराखाली काय चाललेलं? उद्घाटन! मेयर, पंच, त्यांच्या बायका, पाहुणे, भाजलेलं मांस, पिंपभर दारू. छपराबद्दल भाषण. लोणीवाल्या बायका विहिरीपाशी चिंब, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या छपराखाली पंच कोरडे ठणठणीत. मॉडचे ओठ निळे पडले होते. सिसलीनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिच्याभोवती गुंडाळली. शाल भिजायला कितीसा वेळ लागतो!

“आई, चल. मरू दे ती जागा. ऊठ.”

“गप बस. एवढी वर्षं काय झक मारायला बसले होते?”

सिसली ओरडत छपराकडे गेली. शिळा आत्ताच्या आत्ता हलवा म्हणाली. मेयरच्या हातात पेला होता. तो म्हणाला, “अगं, जत्रेच्या दिवशी कशी सभा घ्यायची?”

बस्स. सिसली माघारी आली, आईच्या पाटीतला लोण्याचा सगळ्यात मोठा गोळा उचलला आणि जिवाच्या आकांतानं चौकात आपटला. गोळा फुटून दगडांवर पसरला. मेयर हां हां म्हणत तिची समजूत घालायला पावसात उतरला. त्याचा नवा कोरा बूट बरोबर त्या लोण्यावर पडला. आणि पुढं जे झालं ते सांगताना इथले म्हातारे अजून डोळे पुसतात. मेयर बसला तो बसल्या बसल्या घसरत, पेला हातात सांभाळत, थेट विहिरीच्या कठड्याला येऊन लागला. एवढा अंगानं भरलेला माणूस, आणि आपटला कुठं नाही, अडला कुठं नाही!

सगळा बाजार हसला. सिसली मात्र हसली नाही. ती मेयरकडे बघत होती, मग शिळेकडे, मग मेयर घसरत आला त्या वाटेकडे.

तिनं दोन्ही हातांनी पाटी उपसली. शिळेच्या पुढ्यात गुडघे टेकून ती दगडांना लोणी फासायला लागली, भिंत लिंपावी तसं. आईचं लोणी चार हात गेलं आणि संपलं. तिनं मान वर केली. भोवताली बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या पाटीत जत्रेसाठी साठवलेला माल. त्यावर कुणाचं हिवाळ्याचं धान्य होतं, कुणाच्या पोरांचे जोडे. सिसलीनं मागितलं नाही. तिला मागवेना.

शेजारी बसणारी मार्जरी म्हणून एक दांडगी बाई होती. सिसलीशी तिचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. ती उठली. भर बाजारात, घंटेआधी, जागेवरून उठली! “सरक,” म्हणाली, “धड फासतासुद्धा येत नाही तुला,” आणि आपली पाटी तिनं दगडांवर उपडी केली. मग दुसरी उठली, तिसरी उठली. म्हणता म्हणता सगळ्या उठल्या. जागा गेली तर गेली. आणि जाणार कशी? हक्क सांगायला बसलेली बाई उरली होतीच कुठं!

एकटी मॉड बसलेली. सगळ्या म्हणाल्या, “अहो मॉडबाई, आता आम्ही सगळ्याच उठलोय. तुम्हीही उठा, शिळा हलकी होईल.” म्हातारी ऐकेल तर ना!

“तुम्ही उठलात ते तुमचं तुमच्यापाशी. हा मेयर उद्या शुद्धीवर आला की सभा घेईल. मी नाही उठायची. ओढायचं तर मला धरून ओढा.”

नदीकाठच्या शेतकऱ्यांनी गुरांचे दोर आणून दिले, पहारी घालून शिळा जमिनीतून उचकटली. बायकांनी दोर खांद्यावर घेतले. आणि असं सांगतात की ती शिळा, जिला हलवायला सभा लागणार होती, भर पावसात लोण्यावरून सरकत निघाली. वर मॉड बसलेली, दोन्ही हातांनी कडा धरून, खोकत आणि सूचना देत. “डावीकडे. डावीकडे म्हटलं ना! मार्जरी, जेवली नाहीस काय?” छपराखालचे पंच बाजूला झाले, पेले घेऊन पावसात उतरले. उतरायलाच लागलं त्यांना.

लोणी वळचणीपाशी संपलं. शेवटचा गोळा फासून झाला तेव्हा शिळा जेमतेम छपराच्या आत गेली होती, आणि पुढं ती तसूभर हलेना. पण आत होती. मॉडच्या डोक्यावर कौलं होती. ती वर बघून म्हणाली, “वारा लागतोय इथं.” मग सिसलीकडे वळली. “डोकं झाक आता. शोभत नाही.”

सिसलीनं ओला रुमाल डोक्याला बांधला. ती आईजवळ खाली बसली. संध्याकाळची घंटा झाली तेव्हा मॉडनं तिचा हात धरला, ते सगळ्यांनी पाहिलं. घंटा थांबली तरी तिनं तो सोडला नाही.

लोण्यानं माखलेला मेयर पुढं आला. आता तरी त्यानं गप्प बसावं की नाही? पण भर बाजारात घसरलेला माणूस तो. म्हणाला, “एवढी ओढाताण झाली. म्हातारी मधे कुठंतरी उठलीच असणार. जागा रद्द.” मग जरा मोठ्यानं, “ऊठ बाई, बाजार संपला.”

मॉड उठली नाही. सिसलीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला आणि मार्जरीला म्हणाली, “एका बाजूनं धर.” दोघींनी म्हातारीला उचललं.

शिळा सगळी ओलीचिंब होती, पाणी निथळत होतं. पण मॉड जिथं बसली होती तेवढी जागा कोरडी होती. चुलीशेजारच्या ओट्यासारखी कोरडी. एवढ्या वाटेत, एवढ्या पावसात, एकदाही ती बोटभर उचलली गेली नव्हती.

मेयर खाली वाकला, त्या जागेवर तळवा टेकला. टेकून तसाच राहिला. मग म्हणाला, “दगड कोरडा आहे.” डोक्यावरची टोपी त्यानं काढली आणि छपराबाहेर जाऊन पावसात उभा राहिला. आईला ढकलगाडीत निजवून सिसली घरी निघाली, तेव्हाही तो तिथंच उभा होता.

पुढच्या गुरुवारी सिसली शिळेवर बसली. उठलं तर जागा जाते हा रिवाज तिच्या हयातीतच मोडला. म्हणजे रद्द वगैरे काही झाला नाही, सभेत अजून पडून असेल. बायका उठू लागल्या, एवढंच. आणि ज्या वाटेनं शिळा ओढली ती वाट त्या दिवशी जी गुळगुळीत झाली ती झालीच. लोणी दगडात मुरलंय म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण पाय घसरतो हे खरं.

आजही सप्टेंबरअखेरची जत्रा भरते. लोणी आता लोण्यासारखं राहिलेलं नाही, कागदात गुंडाळून गाडीतून येतं, आणि ते विकणारी बाई साबण आणि मेणबत्त्याही विकते. पण दुपार कलली की गावचा मेयर, गळ्यातल्या मानाच्या साखळीसकट, छपराच्या वळचणीबाहेर येऊन उभा राहतो. टोपी हातात. पाऊस असो नसो, छत्री चालत नाही. लोणीवाली बाई शिळेवर तळवा टेकवते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते, कोरडा आहे. मग घंटा होते, आणि मेयर आत येतो. शिळा ओली लागली तर घंटा होत नाही. मेयर तिथंच उभा राहतो, आणि मग कौलं बदलायला माणूस कसा ताबडतोब सापडतो ते बघण्यासारखं असतं.

या गावाच्या वाचनालयाचं छत गळतं. शाळेचं गळतं, बसथांब्याचं तर बांधल्या दिवसापासून गळतंय. सभा होतात, ठराव होतात, चाललंय चाललंय. हे एक छप्पर मात्र आजही गळत नाही.

या, हात लावून बघा. फक्त त्या पट्टीवरून येऊ नका.